पहिल्या तंबोऱ्याच्या तारा: आधी पट्टी, मग राग, मग जाडी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी महिन्यातून एकदा तरी कुणीतरी गवसणीत गुंडाळलेला तंबोरा घेऊन येतं. तक्रार ठरलेली असते: "काका, पहिली तार सारखी तुटते," नाहीतर "बोलतच नाही हो, जवारी गेली बहुतेक." जवारी, म्हणजे भोपळ्यावर तारांखाली असलेल्या घोडीचा तार झंकारावी असा घासून घडवलेला माथा, बहुधा शाबूत असते. बिघडलेला असतो क्रम. दुकानातून 'तंबोऱ्याचा सेट' आणायचा, चढवायचा, मग मोबाइलवर सूर शोधत खुंट्या पिळायच्या. आणि गुरुजींनी मारवा सुरू केला की पंचमाची तार निषादापर्यंत ओढायची. मग ती तुटते, आणि मंडळी तशीच दुसरी तार आणायला पुन्हा बाजारात जातात.

खरा क्रम याच्या उलटा आहे. आधी स्वतःची पट्टी (गाताना आपला षड्ज कुठे धरायचा ते), मग वाद्याची लांबी, मग पुढच्या वर्षभरात गायचे राग, आणि शेवटी तारेची जाडी. दुकानात जायचं ते चौथ्या पायरीवर.

## १. पट्टी ठरवा, कागदावर लिहा

पट्टी गुरूंनी ठरवायची. घरी ठरवायची वेळ आली तर खर्जातला पंचम दाबून न टाकता लागतो का आणि तार सप्तकातल्या, म्हणजे वरच्या षड्जावर न ओरडता उभं राहता येतं का, एवढं पाहा. पेटीवरच्या नावांनी सांगायचं तर बायकांची पट्टी बहुधा काळी चार ते काळी पाच, पुरुषांची काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास येते.

पट्टीचं नाव लिहून थांबू नका, कंपनसंख्याही लिहा. तंबोऱ्याला चार तारा: पहिली बहुधा पंचमाची, मधली जोडी षड्जाची आणि शेवटची खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाची. काळी चारच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा सुमारे २०८ हर्ट्झवर, खर्ज १०४ वर आणि पंचम १५६ वर असतो. काळी पाचला हेच आकडे २३३, ११७ आणि १७५. पुरुषांच्या काळी एकला जोडी १३९, खर्ज ६९ आणि पंचम १०४.

आकडे हवेत ते सप्तकाच्या गोंधळासाठी. मोबाइलवरचं ट्यूनर नुसतं 'जी शार्प' दाखवतं. तो १०४ ला असतो, २०८ ला असतो आणि ४१५ लाही असतो. नवशिक्याची तार १८० वर असताना पडद्यावर 'एफ शार्प' दिसतं, तो वर पिळत जातो, योग्य जागा ओलांडली तरी लक्षात येत नाही, आणि पुढचा 'जी शार्प' यायच्या आत तार तुटते. ट्यूनर हर्ट्झ दाखवणारंच घ्या.

सावध: तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर त्याच्या आजच्या पट्टीसाठी तारांवर खर्च करू नका. वर्षभर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर भागवा.

## २. वाद्य मोजा

शिंप्याची टेप घ्या. घोडीच्या माथ्यावर तार जिथून सुटते तिथपासून वर अटीवर (खुंट्यांच्या अलीकडच्या आडव्या पट्टीवर) ती जिथे टेकते तिथपर्यंत मोजा. वाजणारी लांबी तेवढीच. खुंट्यांपर्यंत किंवा लंगोटापर्यंत (भोपळ्याच्या तळाशी तारा अडकवतात तिथपर्यंत) मोजू नका. बायकी तंबोऱ्यात ही लांबी साधारण ९० सेंटिमीटर, पुरुषीत १०० किंवा थोडी जास्त निघते, पण तुमच्या वाद्याची तुम्हीच मोजा. मिरजेहून आलेल्या दोन जुळ्या तंबोऱ्यांतही मी बोटभर फरक पाहिला आहे.

आता सगळ्यांत रुजलेला गैरसमज: "तुटतेय ना, मग जाड तार घाला." तार जाड केली की तिची ताकद वाढते, पण त्याच सुरावर यायला तिला ओढही तेवढीच जास्त लागते. दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात, त्यामुळे फायदा शून्य. ठरलेल्या लांबीवर तार कुठल्या सुराला तुटेल हे धातूवर ठरतं, जाडीवर नाही.

म्हणून मी एक ठोकताळा वापरतो. लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या आणि तारेच्या कंपनसंख्येने गुणा. पोलादी तारेसाठी गुणाकार २१,००० च्या आत ठेवा, पितळीसाठी १२,००० च्या आत. थोडी सोय हाताशी ठेवून काढलेले आकडे आहेत हे.

करून पाहा. बायकी तंबोरा ९० सेंटिमीटर, पट्टी काळी चार, जोडी २०८: गुणाकार १८,७२०. पोलादी तार निवांत बसेल, पितळी टिकणार नाही. त्याच वाद्यावर पंचम १५६: गुणाकार १४,०४०, म्हणजे इथेही पोलादीच. खर्ज १०४: ९,३६०, पितळी चालेल. उलट आजोबांचा १०० सेंटिमीटरचा तंबोरा नात काळी पाचला लावू पाहत असेल तर २३,३०० होतात. तिथे तारा बदलून काही होणार नाही. वाद्यच तिच्या पट्टीचं नाही.

तपासणी: चारही तारांचे गुणाकार कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ३. वर्षभरात काय गाणार?

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात. "तारेचा आणि रागाचा काय संबंध?" असं विचारतात. जोडी आणि खर्ज हे षड्जाचेच, त्यांचा खरंच संबंध नाही. पण पहिली तार रागाप्रमाणे बदलते.

भूप, यमन, बिहाग, भैरव यांत पंचम आहे, पहिली तार पंचमात. मालकंसात पंचम नाही, तिथे मध्यम लावतात. ललितलाही मध्यम, आणि बागेश्रीत पंचम जपून लावायचा असल्याने तिथेही पुष्कळ जण मध्यमच लावतात. मारवा आणि पूरियात पंचम नाही, शुद्ध मध्यमही नाही, म्हणून निषाद.

आता ओढ किती बदलते ते पाहा. पंचमावरून मध्यमावर उतरलं की पहिल्या तारेची ओढ साधारण २१ टक्क्यांनी कमी होते. तार थोडी सैल पडते, आवाज किंचित पसरट होतो, चालतं. पंचमावरून शुद्ध निषादावर चढवली की ओढ ५६ टक्क्यांनी वाढते. सहा किलोंनी ताणलेली तार सव्वानऊ किलोंवर जाते. पितळी असेल तर बायकी तंबोऱ्यावर ती बहुधा तिथपर्यंत पोचतच नाही. पुरुषी वाद्यावरही काळी एकचा निषाद १३० हर्ट्झचा, म्हणजे गुणाकार १३,०००. पितळेच्या मर्यादेबाहेर.

तेव्हा यादी करा. पहिल्या वर्षाला मी सांगतो ती अशी: सुरुवातीचे सहा-आठ महिने फक्त पंचमाचे राग, म्हणजे भूप, यमन, दुर्गा, भैरव. कानात षड्ज-पंचम पक्का बसल्याशिवाय मध्यमाच्या तंबोऱ्यावर बसू नये, कारण तिथे नवख्याचा कान मध्यमालाच षड्ज समजायला लागतो आणि मुलगा मालकंस म्हणता म्हणता भलतीकडेच निघतो. मग मालकंस किंवा बागेश्री. मारवा, पूरिया त्यानंतर.

यादीत निषादाचे राग असतील तर पहिली तार पोलादी आणि एक पायरी पातळ घ्या. फक्त पंचम-मध्यमाचे असतील आणि वाद्य पुरुषी असेल तर पितळी पंचमाचा गोडवा घ्यायला हरकत नाही. मला स्वतःला तोच आवडतो.

## ४. जाडी ठरवा आणि दुकानात जा

जुन्या तारा काढून टाकण्याआधी मोजा. वाद्य पूर्वी छान बोलत असेल तर तेच आकडे सर्वांत भरवशाचे. कारागिराने काही लिहून दिलं असेल तर तेही माझ्या आकड्यांच्या आधी माना. दोन्ही नसेल तर सुरुवात इथून करा.

बायकी तंबोरा, काळी चार-पाच: जोडी पोलादी ०.३० मिलिमीटर, पहिली तार पोलादी ०.३५ (निषाद लागणार असेल तर ०.३३), खर्ज पितळी ०.५६.

पुरुषी तंबोरा, काळी एकच्या आसपास: जोडी पोलादी ०.३५, पहिली तार पोलादी ०.४० किंवा पितळी ०.४५, खर्ज पितळी ०.७०.

हे आकडे अशासाठी की चारही तारांची ओढ एकमेकींच्या जवळपास राहावी. खर्ज पितळी असेल तर तो जोडीच्या साधारण दुप्पट जाड लागतो, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. बायकी मापात चार तारा मिळून जवळजवळ तीस किलोंची ओढ तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीवर, येते. जोडी ०.३० ऐवजी ०.३६ घातली तर त्या प्रत्येक तारेची ओढ ४४ टक्क्यांनी वाढते. माझ्या पुतणीच्या तंबोऱ्यावर मी स्वतः हा उद्योग करून ठेवला होता. पाकिटावर नुसतं 'तंबोरा' लिहिलं होतं, आत पुरुषी माप होतं, आणि मी न मोजता चढवलं. दोन महिन्यांनी घोडीखाली तबली आत बसलेली नुसत्या डोळ्यांना दिसायला लागली.

दुकानातली भाषा हा वेगळाच घोळ. पोलादी तार 'तीन नंबर, चार नंबर' अशी मागतात, आणि तिथे नंबर वाढला की जाडी वाढते: तीन म्हणजे साधारण ०.३०, चार ०.३३, पाच ०.३५, सहा ०.४०. पितळी तारेचा नंबर उलटा चालतो: २६ नंबर ०.४६, २४ नंबर ०.५६, २२ नंबर ०.७१. म्हणजे पितळेत "जरा मोठा नंबर द्या" म्हणालात की हातात पातळ तार येणार. शिवाय पितळी तारेवरचा २६ इंग्रजी मापाचा आहे की अमेरिकन, यावर अर्ध्या दशांश मिलिमीटरचा फरक पडतो.

म्हणून मिलिमीटरमध्येच मागा आणि स्वतःचा मायक्रोमीटर खिशात न्या. साधी व्हर्निअर ०.३० आणि ०.३३ मधला फरक धड दाखवत नाही. दुकानदार हसेल, हसू दे.

जोडीच्या दोन्ही तारा एकाच रिळातून कापून घ्या. दोन वेगळ्या पाकिटांतल्या तारांच्या आवाजाचा रंग जुळवताना जन्म जातो. प्रत्येक जाडीची एक तार जास्तीची आणा.

## ५. चढवणे

हाताशी काय हवं: मऊ कापड, पेन्सिल, पक्कड, तार कापायचं कटर, पांढरा खडू, कोरडा साबण, सुती दोरा आणि चष्मा. रोज चष्मा लावत नसाल तरी आज लावा. सुटलेली पोलादी तार डोळ्याच्या उंचीवरूनच येते.

तंबोरा गादीवर किंवा घोंगडीवर आडवा ठेवा, भोपळ्याला दोन्ही बाजूंनी उशा द्या. घोडीच्या पायांभोवती तबलीवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढा. काही वाद्यांत घोडी चिकटवलेली असते, काहींत ती नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते, आणि कुठली कशी हे बाहेरून कळत नाही.

सावध: चारही तारा एकदम काढू नका. एक काढा, तिच्या जागी नवी चढवा, मग दुसरी. चारही सुटल्या की घोडी हलते, आणि घोडी केसभर हलली तरी जवारीची जागा बदलते. "तारा बदलल्या आणि जवारी गेली" ही तक्रार इथेच जन्माला येते.

आता एका तारेचं काम, हात जवळ नेऊन. तारेचं टोक दोन-अडीच इंच दुमडा. दुमडीत एक जाड खिळा घाला, म्हणजे फास गोल राहील. खिळा पक्कडीने धरून दोन्ही पदर एकमेकांभोवती फिरवा, आठ-दहा पीळ, सारख्या अंतराचे. नुसता एक पदर दुसऱ्यावर गुंडाळला तर ताण आल्यावर तो सरकतो, दोन्ही पदरांना पीळ बसला पाहिजे. पितळ मऊ असतं, त्याला हलक्या हाताने पिळा, फार आवळलं तर फासाशीच तुटतं. उरलेलं टोक कापा, नाहीतर पुढे महिनाभर बोटं सोलत राहतील.

मग मोकळ्या टोकातून मणी ओवा, सूर शेवटी बारीक जुळवतात तो. हा विसरतातच. तार पूर्ण चढते, सुरात येते, आणि मग कुणीतरी विचारतं, मणी कुठाय? मणी ओवून झाला की फास लंगोटाला अडकवा, तार घोडीवरून तिच्या खाचेतून, अटीवरून, तारदानाच्या भोकातून खुंटीपर्यंत न्या. तार कुठेही मुरडू देऊ नका. एकदा मुरड पडली की ती जागा सरळ केली तरी तिथेच तुटते, आणि तोवर आवाजही घाण करते.

खुंटीच्या भोकातून टोक घालून मागे वळवा, म्हणजे ते निसटणार नाही, आणि तीन-चार वेढे एकाशेजारी एक बसवा. वेढ्यावर वेढा चढला तर तार नंतर टप्प्याटप्प्याने घसरते आणि तुम्ही हवामानाला दोष देत बसता. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा. घसरत असेल तर बाहेर काढून खडू चोळा, अडकत असेल तर साबणाचा नुसता स्पर्श.

तपासणी: तार ढिली असतानाच पाहा. मणी आहे, तार खाचेत आहे, दोन तारा एकमेकींवरून गेलेल्या नाहीत. नंतर दिसलं तर पुन्हा सगळं उतरवावं लागतं.

## ६. सुरात आणणे

पहिल्या दिवशी तारा सुरापर्यंत नेऊ नका. चारही एक-दोन श्रुती नाही, चांगला एक स्वर खाली ठेवा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी क्रम असा: आधी जोडीतली एक तार, मग दुसरी तिच्याशी जुळवून, मग खर्ज, सर्वांत शेवटी पहिली तार. पंचमापासून सुरू केलं तर जोडी चढताना तबली किंचित दबते, पंचम उतरतो, आणि तुम्ही दोन्हींच्या मागे पळत राहता.

खुंटीने जवळपास या, उरलेलं मण्याने. मणी लंगोटाकडे सरकवला की तार वर उचलली जाऊन सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. सुरुवात करताना मणी मध्यावर असू द्या, म्हणजे दोन्हीकडे वाव राहील. सूर उतरवायचा असेल तेव्हा हव्या जागेच्या थोडं खाली जा आणि मग वर या. खाली येताना तार अटीवर अडकून राहते आणि आलाप सुरू झाल्यावर मुकाट सुटते.

तपासणी: खर्ज एकटा छेडा आणि शांत ऐका. थोड्या वेळाने त्याच्या पोटातून गंधार ऐकू आला पाहिजे. येत नसेल तर तार अजून उघडलेली नाही, पुढच्या पायरीत दोरा लावल्यावर पुन्हा ऐका.

पहिल्या आठवड्यात रोज उतरेल, रोज चढवा.

## ७. दोरा आता, जवारी नंतर

दोरा तारा मुरल्यावरच लावायचा, दोन-तीन दिवसांनी. साधा सुती दोरा, उकलून एखाद-दुसरा पदर. बायकी तंबोऱ्याच्या जोडीला जाड दोरा घातला की तार घोडीवरून उचललीच जाते आणि झंकार मरतो.

दोरा तारेखाली घोडीवर घाला आणि दोन्ही टोकं धरून केसाकेसाने मागेपुढे सरकवा. दुसऱ्या हाताने तार छेडत राहा. आधी बद्द आवाज, मग खरखर, आणि त्यांच्या मधे एक अरुंद जागा, तिथे तार उघडते आणि आवाज लांबत जातो. ती जागा सापडली की थांबा. अजून चांगली असेल म्हणून पुढे गेलात तर परतीची वाट सापडत नाही, अनुभवाने सांगतो.

चारपैकी तीन तारा उघडल्या आणि एकच बद्द राहिली, तर जास्तीची तार चढवून पाहा, तारच खराब असू शकते. चारही बद्द असतील आणि दोरा कुठेही लागत नसेल तेव्हाच जवारी काढायला कारागिराकडे जा. कानशीने स्वतः घासू नका. आणि जाताना याच तारा चढवून न्या, कारण जवारी त्या जाडीच्या तारांसाठी काढली जाते. उद्या जाडी बदलली तर तो खर्च पुन्हा.

## ग्वाल्हेरचं हवामान

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. लाकूड सुकतं, खुंट्या भोकात सैल पडतात आणि रात्री एकदम सुटतात. त्या दिवसांत रियाज झाला की चारही तारा अर्धा स्वर उतरवून ठेवा, कूलरच्या झोतात तंबोरा नको. पावसाळ्यात उलटं: खुंट्या फुगून बसतात, तेव्हा पक्कडीने पिळू नका, साबण लावा. पोलादी तारा बोटांच्या घामाने गंजतात, म्हणून दर वेळी कोरड्या कापडाने पुसा.

डिसेंबरात मात्र तारा चढतात. तानसेन समारोहाच्या दिवसांत रात्री उघड्यावर बसून गायचा प्रसंग आला तर खोलीत लावलेला तंबोरा बाहेर नेऊन पंधरा मिनिटं तसाच ठेवा आणि मग लावा. खर्ज जोडीपेक्षा जास्त चढलेला सापडेल. पितळ थंडीत पोलादापेक्षा जास्त आकसतं आणि खर्जाची तार मुळात जाडीच्या मानाने कमी ताणावर असते, म्हणून तेवढ्यानेही तिचा सूर हलतो. तिथे आधी खर्ज उतरवा.